साडूंचं कंसांशी वाकडं

माझ्या साडूंना या जगात कशाचंही वावडं नव्हतं. फक्त वाचता न येणारा नियम त्यांना सोसत नसे. सुक्या बोंबलापासून उकडलेल्या कणगीच्या कंदांपर्यंत समोर येईल ते ते खात, रिक्षावाल्यापासून प्रांतसाहेबांपर्यंत भेटेल त्याच्याशी बोलत, ओळख नसलेल्या लग्नातही बिनधास्त पहिल्या पंगतीला बसत. पण एखादा नियम कुणी एका दमात, कोंबून, आडवातिडवा लिहिलेला दिसला की त्यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा होई. मग तो नियम एसटीच्या पासाचा असो, बिल्डिंगच्या पाण्याचा असो की देवळाच्या वर्गणीचा. खिशातलं पेन निघे, मिळेल तो कागद पुढे ओढला जाई, आणि समास सोडून, एकाखाली एक, त्या नियमाची मांडणी सुरू होई. या एका ध्यासानं इतका झपाटलेला दुसरा माणूस डहाणू तालुक्यात झाला नाही आणि यापुढे होईल अशी भीतीही नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. पालघर जिल्हा नवा झाला त्याच वर्षी माझी तलासरीच्या एका शाळेत मराठीचा मास्तर म्हणून बदली झाली. त्याआधी आमची गाठ लग्नकार्यात पडे तेवढीच. आता मध्ये एका एसटीचं अंतर राहिलं आणि दर रविवारी मी त्यांच्या हाती सापडू लागलो. साडू डहाणूच्या एका कॉलेजात संगणक शिकवत. बाकीचे शिक्षक मुलांना नोकरी मिळेल अशा भाषा शिकवत; साडूंचा जीव मात्र प्रोलॉग नावाच्या भाषेवर जडला होता. त्या भाषेच्या जोरावर नोकरी मिळालेला माणूस त्यांना स्वतःखेरीज ठाऊक नव्हता. पहिल्याच रविवारी त्यांनी मला ती समजावून दिली. “साडूबुवा, बाकीच्या भाषांत संगणकाला हुकूम सोडावे लागतात. हे कर, मग ते कर. इथे तसं नाही. इथे आपण फक्त सांगायचं की काय खरं आहे आणि ते कधी खरं असतं. पुढचं त्यानं शोधायचं.” आतून ताई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, “आम्ही घरात असंच बोलतो की. गॅस संपला, एवढंच सांगायचं. पुढचं ज्यानं शोधायचं त्यानं शोधावं. पण आमचा संगणक जागचा हलत नाही.” साडू मनापासून हसले आणि जागचे हलले नाहीत.

या भाषेत लिहिलेल्या एकेका नियमाला ते ‘कलम’ म्हणत. कलमाच्या माथ्यावर जे सिद्ध करायचं ते, आणि खाली त्याच्या अटी. संगणक अटी वरून खाली एकेक तपासत जातो, आणि एखादी फसली की पुढच्या बघत नाही. साडूंनी घरही याच रीतीनं चालवायला घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या दारावर चहाचं कलम छापून चिकटवलेलं होतं: चहा मिळेल, जर दूध आहे, साखर आहे, ताई जाग्या आहेत, आणि पाहुणा आला आहे. मी बदली होऊन आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, “थांबा हं” म्हणाले आणि आत गेले. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग डबा वाजला. मी पिशवी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा. परत येऊन म्हणाले, “या, या. दूध नसतं तर तुम्ही आलात की नाही हे बघण्यात अर्थ नव्हता.” यात माझा अपमान झाला असं बायकोचं मत पडलं. मला तसं वाटलं नाही, कारण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागाच सापडली नाही.

अशी कलमं घरभर होती. पंख्याच्या बटणाशी, न्हाणीघराच्या दाराला, गच्चीच्या कुलपावर. ताईंनी त्यांच्याशी भांडण कधीच मांडलं नाही. त्या जुनी कलमं काढून त्यांच्यावर भजी निथळत ठेवत. वाण्याच्या यादीत साडू तांदळाखाली दोन बोटं आत सरकून ‘जुना असेल तर’ असं लिहीत, त्याखाली आणखी आत सरकून ‘नसेल तर नवा, पण कमी’. डहाणूचा आमचा गुजराती वाणी तो लांबलचक कागद उलटसुलट बघून म्हणे, “साहेब, कागळ मोटो ने सामान थोडो.” साडू त्यावर त्याला समासाचं महत्त्व सांगू लागत आणि मागे गिऱ्हाईकांची रांग लागे. वाणी बिचारा माणुसकीचा. तो मधेच मान डोलवायचा आणि हातानं दुसऱ्याची साखर बांधायचा.

एकदा आम्ही त्यांच्या स्कूटरवरून झरीच्या बाजूला कुणाच्या तरी साखरपुड्याला चाललो होतो. वाटेत एका पाड्यावर नळाशेजारी भिंतीवर पाण्याची सूचना रंगवलेली होती. टाकी भरलेली असल्यास व वीज असल्यास व पंप दुरुस्त असल्यास व माणूस हजर असल्यास पाणी सोडण्यात येईल, असं एकाच ओळीत, शेवटचे शब्द कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या भिंतीवर गेलेले. साडूंनी स्कूटर उभी केली. मी म्हटलं, “साडूभाऊ, मुहूर्त टळेल.” ते म्हणाले, “साखरपुड्याला मुहूर्त कसला,” आणि तिथल्या मुलांकडून खडू मागून भिंतीच्या मोकळ्या भागावर कलम लिहून काढलं, चार अटी चार ओळींत. हंडा घेऊन उभी असलेली एक बाई शांतपणे खालपर्यंत वाचत आली आणि म्हणाली, “म्हणजे पाणी येणार नाय, एवढाच ना?” साडूंना इतका आनंद झाला की साखरपुड्यात ते ही गोष्ट नवऱ्या मुलालाही सांगत सुटले. नियम वाचता आला की माणसाला आपलं काय होणार ते कळतं, त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणताना त्यांच्या आवाजात थट्टेचा लवलेश नसायचा.

या भाषेवर त्यांचं एवढं प्रेम असूनही तिच्या एका खोडीवर ते कायम चिडलेले असत. आपण एखादं कलम मोठ्या हौसेनं लिहावं, त्यात बाईला बाई म्हणावं, गावाला गाव म्हणावं. पण तेच कलम संगणकाला परत छापून दाखव म्हटलं की तो नावं विसरून बाईला ए आणि गावाला बी करून टाकतो. अर्थ तोच राहतो, पण माणसं नाहीशी होतात. साडूंना हे भारी लागायचं. “घरात आलेल्या माणसाचं नाव विसरून त्याला ‘ओ एक नंबर’ म्हटलं तर कसं वाटेल?” असं ते विचारत. म्हणून ते कित्येक वर्षं स्वतःचाच एक प्रोग्रॅम लिहीत बसले होते. संगणकाच्या पोटातली कलमं काढून ती शुद्ध मराठीत, नावानिशी, देखण्या मांडणीत छापायची, हे त्याचं काम. त्याला ते ‘छापखाना’ म्हणत. छापखान्याची परीक्षा आमच्याच नातेवाइकांवर चाले. एका रविवारी त्यांनी मला कागद दिला: ए हा बीचा साडू आहे, जर एची बायको सी आहे, बीची बायको डी आहे, आणि सी व डी बहिणी आहेत. मी ए होतो. पुढच्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत फोन आला. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. साडू म्हणाले, “साडूबुवा, आज तुम्हाला नाव मिळालं,” आणि फोन ठेवला.

पण ए-बीपेक्षाही त्यांचं खरं वैर होतं ते कंसांशी. कंस त्यांना डोळ्यांसमोर नको असत. संगणक कलम छापताना जिथे ‘किंवा’ येईल तिथे हटकून कंस घालतो, आत सरकतो, कंस मिटतो. साडू म्हणत, “वाचणाऱ्याला कंस म्हणजे दाराची कडी. काढा, आत जा, लावून घ्या. साध्या माणसाला एवढं कशाला? अर्थ लागतोच की.” तेव्हा छापखान्यातून कंस हद्दपार झाले. संगणक घाली आणि छापखाना पुसून टाकी. साडू स्वतः लिहितानाही ते टाळू लागले. मुलांच्या वह्यांतले कंस ते लाल शाईनं खोडत, आणि परीक्षक बाहेरचा आला की तो तेच कंस नाहीत म्हणून मार्क कापी. मुलांना वाटे, दोघांपैकी एकाला वेड लागलंय, आणि कोणाला ते त्यांनी एकमतानं ठरवलं होतं. मीही मराठीचा मास्तर या नात्यानं साडूंच्या बाजूचा होतो. कंसातला मजकूर वर्गात कुणी वाचतच नाही, हा माझा जन्मभराचा अनुभव.

अशातच त्यांच्याकडे वरोरचं काम आलं. वरोरच्या बाजूला समुद्राकाठी एका वस्तीतल्या बायका बोंबील वाळवण्याचा धंदा करतात. किनाऱ्यावर बांबू रोवून, त्यांना आडव्या काठ्या बांधून, बोंबलांच्या जोड्या त्यांवर टांगायच्या. या बांबूंच्या दोन रांगा होत्या. वरची रांग उंचावर, तिथे वारा भरपूर आणि पाणी पोचत नाही. खालच्या रांगेत उधाणाला पाणी बुडाशी येतं, ओल धरते, माल काळा पडतो आणि व्यापारी त्याला हात लावत नाही. वरच्या रांगेत जागा मोजक्या. त्यावरून दरवर्षी हंगामाच्या तोंडावर अशी भांडणं होत की समुद्राचा आवाज ऐकू येऊ नये. शेवटी बायकांनी आपली एक मंडळी केली, तिच्या अध्यक्षबाई निवडल्या आणि सगळ्यांच्या मतानं ठरलं की आता कॉम्प्युटरनं जागा वाटाव्यात, म्हणजे कुणी कुणाचं तोंड बघितलं असं होणार नाही. अध्यक्षबाईंचा भाचा साडूंच्या कॉलेजात होता. साडूंना निरोप आला आणि ते नवऱ्या मुलासारखे इस्त्रीचा शर्ट घालून वरोरला निघाले. शुद्धलेखन तपासायला मी बरोबर.

बायकांनी नियम सांगितला, तो खरोखर शहाणपणाचा होता. जी बाई घर एकटी चालवते, तिला वरची रांग. मात्र तिनं हंगामाआधी किनाऱ्याच्या साफसफाईला आलेलं असावं. आजारी असेल तर माफ. साडूंनी प्रत्येकीचं म्हणणं ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि घरी येऊन कलम लिहिलं. अर्थातच कंसाशिवाय. मग छापखान्यातून ते मोठ्या अक्षरांत बाहेर पडलं:

बाईला वरची रांग मिळेल, जर
ती घर एकटी चालवते, आणि
साफसफाईला आली, किंवा
आजारी होती.

किती सुरेख दिसत होतं म्हणून सांगू. मी त्यात एक वेलांटीसुद्धा बदलली नाही. साडूंनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मंडळीच्या खोलीच्या दारावर लावला. बायकांनी वाचला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतला, आणि सगळ्यांना एका दमात कळला. साडूंना एवढं सुखी मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

साफसफाई झाली. हजेरी आली. साडूंनी ती संगणकाला दिली, आणि त्यानं मंडळीच्या नोंदीतल्या क्रमानं नावं घेत वरच्या रांगेच्या जागा भरून टाकल्या. यादी लागली त्या रविवारी आम्ही दोघं वरोरला गेलो, म्हणजे साडू कौतुक करून घ्यायला गेले आणि मी ते बघायला. खोलीसमोर बायका जमल्या होत्या. गर्दीतून जमनामावशी पुढे आल्या. नवरा बोटीवरून गेला तो परत आला नाही अशी, घरात दुसरं कुणी नसलेली बाई. गेल्या साली खालच्या रांगेत त्यांचा निम्मा माल सडला होता, आणि या साली पुन्हा तसंच झालं तर धंदा मोडून मुंबईला कुणाकडे तरी धुण्याभांड्याला जाण्यावाचून गत नव्हती. नवरा गेल्यावर मागाहून नाव लागलेलं, म्हणून नोंदीत त्या शेवटी. यादीत त्यांना खालची रांग आली होती.

“मला त्यो कागद वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

साडूंनी दारावरचं कलम वाचलं.

“मी घर एकटी चालवते, बरोबर?”

“बरोबर.”

“साफसफाईला आले. झाडूपण माझाच होता. विचारा कुणालाबी.”

“बरोबर.”

“मंग?”

साडू म्हणाले, “मग तुम्हाला मिळायला हवं.”

“पण मिळाला नाय.”

अध्यक्षबाई मधे पडल्या. अंगानं भरलेल्या, बोलायला खमक्या, आणि मंडळी टिकावी असं मनापासून वाटणाऱ्या. “आता कोणी काय बोलायचं नाय. कॉम्प्युटरनं ठरवलंय. झालं.” हे वाक्य कुठेही उच्चारलं गेलं की साडूंचं डोकं फिरे. तपासनीस म्हणाला तर तपासनिसाशी, बँकेत म्हणाले तर बँकेत ते भांडत. आता ते त्यांच्याच नावानं म्हटलं गेलं होतं. त्यांचे कान लाल झाले. मासळीचे क्रेट पालथे घालून त्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि मला म्हणाले, “वरच्या रांगेत कोण कोण आहे, मोठ्यानं वाचा.”

मी वाचू लागलो. पहिलं नाव अध्यक्षबाईंच्या जावेचं, जिच्या घरी दोन बोटी आणि तीन कमावते मुलगे. दुसरी बाई नवऱ्यासकट तिथेच उभी होती. तिसरीचा सासरा, दीर, नवरा सगळे धडधाकट. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. साडूंनी संगणकाला प्रत्येकीचं कारण विचारलं आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द आला, आजारी. साफसफाईच्या दिवशी निम्म्या वस्तीला ताप होता म्हणे. मागून कुणीतरी म्हटलं, “त्या दिवशी ही आजारी बाई डहाणूच्या बाजारात साडी घेत होती.” हशा पिकला. जमनामावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

“पण नियमात एकटी असंही म्हटलंय,” साडू स्वतःशीच बोलत होते. त्यांनी छापखाना बाजूला सारला आणि खुद्द संगणकालाच विचारलं, तू हे कलम कसं वाचतोस ते दाखव. पडद्यावर ते उमटलं, ए आणि बीच्या भाषेत, ओबडधोबड. एक कंस उघडलेला. त्यात दोन ओळी एकत्र बांधलेल्या: एकटी, आणि साफसफाईला आली. मग नव्या ओळीच्या सुरुवातीला त्या भाषेतला ‘किंवा’, आणि त्याच्यापुढे एकटंच बसलेलं आजारी. कंस मिटलेला. साडू बघत राहिले. मलाही ते हळूहळू दिसलं. आम्ही सगळ्यांनी नियम शहाण्यासारखा वाचला होता, की ‘आली किंवा आजारी’ ही एक अट आणि एकटं असणं ही दुसरी. संगणकानं पहिल्या दोन अटींची एक मोट बांधली आणि आजारपणाला वेगळं दार काढून दिलं. एकटी असो, दुकटी असो, नुसती आजारी पडली की बाई वरच्या रांगेत, आणि जमनामावशींची पाळी येईतो तिथल्या जागा संपलेल्या. त्याच्या भाषेत ‘आणि’ आधी बांधला जातो, हे साडू मुलांना दरवर्षी शिकवत. हे सांगणारा कंस संगणकानं पहिल्या दिवसापासून घातलेला होता. आणि छापखाना पहिल्या दिवसापासून तो इमानानं पुसत होता.

अध्यक्षबाई चतुर. त्यांनी साडूंचा चेहरा वाचला आणि त्यांना बाजूला घेऊन हलकेच म्हणाल्या, “साहेब, मशीन बिघडली म्हणा. मशीनला कोण मारतंय? तुमची चूक म्हणालात तर उद्या या बाया कुठलाच नियम मानायच्या नाहीत.” मी जवळच होतो. मला तो सल्ला वाईट वाटला नाही. मी असतो तर मशीन बिघडली असती, वर वीजही गेली असती. साडूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तिच्यानंच त्या बाईची जागा गिळली होती, आणि हे आम्हा दोघांखेरीज तिथे कुणाला कळण्याजोगं नव्हतं. मला त्यांची अतोनात कीव आली. मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मशीननं बरोबर वाचलं. लिहिलं मी चुकीचं. आणि ती चूक दिसत होती, ती मीच झाकली.”

मग एक म्हातारी म्हणाली, “झाकली म्हंजे? आम्हाला समजेल असं सांगा.” फळ्यावर कंस काढून उपयोग नव्हता, निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती. साडूंनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. “हे बघा. आली, किंवा आजारी होती, या दोन गोष्टी एका ओंजळीत. यातली एक असली तरी चालेल. आणि एकटी, ही ओंजळीच्या बाहेर. ती असायलाच हवी. मी ओंजळ केलीच नाही, म्हणून सगळं सांडलं.” म्हातारीनं स्वतःची ओंजळ करून बघितली. शेजारणीनं केली. अध्यक्षबाईंच्या जावेनं नाही केली, पण ती बघत होती. साडूंनी तिथेच कलमात कंस घातला, संगणकाला नव्यानं जागा काढायला लावल्या आणि मी पुन्हा नावं वाचली. जमनामावशींना वरच्या रांगेत, मधोमध, जागा आली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आपले बांबू उचलायला गेल्या. अध्यक्षबाईंची जाऊ पुढे बरेच महिने साडूंना बाजारात बघून रस्ता ओलांडत असे.

त्या हंगामात जमनामावशींचा माल शेवटपर्यंत कोरडा राहिला, एवढं कानावर आलं. साडूंनी मात्र घरी येऊन छापखान्यात कंस परत घातले, आणि हळूहळू छापखान्यावरचं त्यांचं मनच उडालं. ताई सांगत, नीट जेवत नाहीत, चहाचं कलम फाटलं तरी नवं छापत नाहीत. भजी निथळायला त्यांना वर्तमानपत्र घ्यावं लागे. पुढच्या वर्षी हंगाम जवळ आला तेव्हा साडू वरोरच्या निरोपाची वाट बघत राहिले. निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी आला नाही. “त्यांचा विश्वास उडाला असेल, साडूबुवा,” एकदा म्हणाले. मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

दोन हजार एकोणीसला ते निवृत्त झाले आणि नाशिकला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं. जायच्या आधी ताईंना सुके बोंबील हवे होते, म्हणून आम्ही दोघं वरोरला गेलो. हंगामाची सुरुवात होती. किनाऱ्यावर बायका गोल करून बसल्या होत्या आणि जागा वाटून घेत होत्या. लॅपटॉप नाही, कागद नाही, दारावरचं प्लास्टिक केव्हाच उडून गेलेलं. एक नाव घ्यायची, बाकीच्या म्हणायच्या, “एकटी हाय का?” हाय म्हटलं की सगळ्यांचे हात जुळून ओंजळी व्हायच्या आणि एका सुरात प्रश्न यायचा, “आली, का आजारी?” मग निकाल. भांडण नाही, आवाज नाही. जमनामावशी वरच्या रांगेतून पाटी घेऊन उतरत होत्या, पण लांब होत्या, त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

आम्ही कडेला उभे राहून बघत होतो. गोलाच्या टोकाला एक नवी सून बसली होती, उंबरगावकडून लग्न होऊन आलेली असावी, बोलण्यात गुजरातीचा हेल होता. दोन शहरी माणसं तोंड उघडं टाकून बघतायत हे पाहून तिला आमची दया आली. “काका, तुम्हाला समजत नाय का? हे बघा,” असं म्हणून तिनं ओंजळ केली आणि नियम सांगायला घेतला. आत काय, बाहेर काय, कुठली गोष्ट असली तरी चालते आणि कुठली असायलाच पाहिजे. अगदी नीट, अटीमागून अट, मधे श्वास घेऊन. साडू वाकून, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, “हे कुणी ठरवलं?”

“कोण ठरवणार?” ती म्हणाली. “आमच्यात हे पहिल्यापासून असंच असते.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात साडूंनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

“असणारच,” ते तिला म्हणाले, “पहिल्यापासूनच असणार.”